डुप्लिकेटची डुप्लिकेट

आमच्या छत्रपती संभाजीनगरात घर बघायला गेलेला माणूस आधी हौद किती लिटरचा ते विचारतो आणि मग बेडरूमकडे वळतो. नळाला पाणी कधी चार दिवसांआड, कधी आठवड्यानं. त्यामुळे जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी, जिन्याखाली ड्रम, मोरीत पिंप, आणि हे सगळं काठोकाठ भरलेलं असताना ओट्यावर झाकून ठेवलेली एक कळशी, 'असू द्यावी' म्हणून. अशा गावात बॅकअप म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागू नये. तरी माझा मेव्हणा सध्या ते सगळ्या सिडकोला शिकवत हिंडतोय, आणि तेही पाण्याबद्दल नाही. प्लेस्टेशन टूबद्दल.

मेव्हणा चाळिशीचा. वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंत खोट काढतो. सातव्या दिवशी तो आपल्या जुन्या गेमच्या डिस्का कपाटातून काढतो, चष्म्याच्या फडक्यानं पुसतो, ट्यूबलाइटखाली तिरप्या धरून बघतो आणि एकेकीची नक्कल कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. "दाजी, डिस्क कायमची नसते," असं तो म्हणतो तेव्हा आपण भेटायला आलोय की समाचाराला, असा प्रश्न पडतो. "आतला चकाकता थर एकदा गंजला की गेम गेला. कंपनी काय परत काढणार नाही."

कंपनीचं मात्र तो खरं सांगतो. सोनीनं प्लेस्टेशन टू हे गेमचं यंत्र मार्च २००० मध्ये जपानात विकायला काढलं, जगभरात १५ कोटींहून जास्त खपवलं आणि २०१३ च्या सुरुवातीला बनवणं थांबवलं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ साली मोजदाद केली, तेव्हा तिकडे निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात विकतच मिळत नाहीत, असं दिसलं. पण ही त्या देशाची गोष्ट, जिथं माणसं गेम दुकानातून, डबीसकट, बिल घेऊन आणत. आमचा हिशेब कुठल्या फाउंडेशनला मांडता यायचा नाही, कारण आमच्यापैकी बहुतेकांनी गेमची ओरिजिनल प्रत पाहिली तीच मुळात मिसरूड फुटून जुनं झाल्यावर, आणि तीही दुसऱ्याच्या घरी.

आमची सुरुवात टीव्ही गेमपासूनची. घरात टीव्ही अर्थातच व्हिडिओकॉनचा. पैठण रोडला चितेगावात कारखाना; गावचा टीव्ही सोडून परका टीव्ही आणणाऱ्याकडे लोक जरा संशयानंच बघत. त्या टीव्हीला मागून पिवळी-पांढरी वायर खुपसून 'सामुराई' नाहीतर 'लिटल मास्टर' जोडायचा. या सगळ्या निन्टेन्डोनं १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तर पटलंही नसतं. फॅमिकॉमनंच सामुराईची नक्कल केली असेल, असं आम्ही ठामपणे म्हटलं असतं.

त्यात घालायची ती कॅसेट. तिच्यावर '९९,९९,९९९ इन १' असं छापलेलं असे. म्हणजे एक कोटीला एक गेम कमी. तो एक कुणी खाल्ला, असं मेव्हण्याच्या वडिलांनी तेव्हा विचारल्याचं सासूबाई अजून सांगतात. प्रत्यक्षात आत टँक, कॉन्ट्रा, मारिओ, सर्कस, रोड फायटर आणि बदकं मारायचा असे मोजके गेम असत. बाकीचे नव्याण्णव लाख हे त्याच कॉन्ट्राचे कुठे दुसऱ्या लेव्हलपासून, कुठे जास्त जीव घेऊन केलेले अवतार. गेम लागला नाही की कॅसेट काढून फुंकायची. निन्टेन्डोचं म्हणणं असं, की फुंकू नका, तोंडातल्या ओलाव्यानं आतल्या पट्ट्या गंजतात. पण आमच्या गल्लीत एक मुलगा केवळ फुंकण्यासाठी बोलावला जात असे. आता तो दंतवैद्य आहे.

मेव्हण्यानं अशी एक कॅसेट हल्लीच उघडली. नीट पाय असलेली चिप दिसेल या आशेनं आम्ही डोकी खाली घातली, तर आत हिरव्या पट्टीवर डांबरासारखा एक काळा थेंब. चिप त्या थेंबाखाली गाडलेली. ज्याच्यावर आमचं सगळं बालपण गेलं, ते एवढंसं, रस्ता करताना कुणाच्या तरी हातून सांडल्यासारखं.

मग कॉलेजच्या वयात प्लेस्टेशन टू आलं, ते दुकानातून निघतानाच, नकली डिस्का चालाव्यात म्हणून चिप मारून. पैठण गेटच्या बाजूला तेव्हा डिस्कांचे ड्रॉवर असत. पन्नास-साठ रुपयाला एक. प्लॅस्टिकच्या पाकिटात कव्हरची पुसट रंगीत झेरॉक्स. दुकानदाराची गॅरंटी एका वाक्याची: नाही चालली तर बदलून नेजा. कव्हरवर आयपीएलचे फोटो, झगमगत्या जर्श्या, चालू वर्षाचा आकडा. डिस्क लावली की निघायचा ईएचा क्रिकेट २००७. तो खेळ २००६ च्या अखेरीस आला, आणि पुढे ईएनं क्रिकेटच सोडून दिलं. कंपनीनं सोडलं म्हणून खेळणारे थोडेच सोडतात? कुणीतरी कुठंतरी बसून दर मोसमाला त्याच खेळात नवे संघ आणि नवे कपडे भरत राहिलं. आम्ही ते नवीन गेम समजून विकत घेत राहिलो. फक्त कपडे नवे, बाकी माणूस तोच, हे आपल्याकडे निवडणुकीला चालतं तर क्रिकेटला का चालू नये?

आता या डिस्कांच्या नकला चालवायच्या आणि प्लेस्टेशन चिप नसलेलं असलं, तर आधी त्याचं कुलूप काढायला हवं. डिस्क आत गेली की यंत्र आधी तिचं कूळ तपासतं, मग वाचतं. कॉम्प्युटरवर घेतलेली नक्कल त्याला दाखवून उपयोग नाही. त्यावर उतारा म्हणजे 'फ्री एमसी बूट' नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर. ते आठ एमबीच्या साध्या मेमरी कार्डात राहतं, आणि कार्ड लावून यंत्र चालू केलं की सोनीच्या मेनूच्या आधी आपला मेनू उभा करतं. फुकट आहे, चांगलं आहे. अडचण एवढीच, की ते कार्डात भरायला आधी कुलूप निघालेलं प्लेस्टेशन लागतं. म्हणजे दह्याला विरजण हवं आणि विरजणाला दही. मेव्हणा मग वाटी घेऊन शेजारी जावं तसा रिकामं कार्ड घेऊन टीव्ही सेंटर भागात एका मित्राच्या मित्राकडे गेला, तिथून लावून आणलं, आणि आता गल्लीत तिघांना त्यानं पुढे दिलंय. २०२० साली कुणीतरी विरजणाशिवायचीही युक्ती काढली. प्लेस्टेशन टूला सिनेमाच्या डीव्हीडी चालतात. त्या वाचण्याच्या प्रोग्रॅममधली एक चूक धरून, सिनेमा आहे असं भासवणारी डिस्क घातली की आतलं दार उघडतं. दुधात मिरचीचं देठ टाकून दही लावणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही.

कुलपांच्या बाबतीत सगळ्यात मोठ्या कंपन्यांची फजिती छोट्या गोष्टींनी झालेली आहे. निन्टेन्डोच्या वी नावाच्या यंत्राच्या किल्ल्या ज्या मंडळींनी काढल्या, त्यांनी आतल्या मेमरीच्या तारा जोडायला भुवया कोरायचा असतो तसला चिमटा वापरला होता. पुढे २००८ मध्ये त्याच यंत्रावर आपले प्रोग्रॅम चालवायची युक्ती सापडली, ती झेल्डा या खेळातल्या घोडीच्या नावात. खेळात घोडीचं नाव आपण ठेवायचं. सेव्ह केलेल्या फाइलमध्ये ते नाव ठरल्यापेक्षा खूप लांब करून ठेवलं, की खेळ ते वाचताना चौकटीबाहेर सांडतो आणि सांडलेल्या जागी आपला प्रोग्रॅम सुरू होतो. मेव्हण्यानं हे सांगितलं तेव्हा मला बँकेचा फॉर्म आठवला. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट, तालुका आणि जिल्हा दोन्ही छत्रपती संभाजीनगर. आम्ही रोज चौकोनांबाहेर सांडतो. अजून कुठलं दार उघडलेलं नाही.

दार उघडलं तरी पुढे उंबरे आहेतच. पेनड्राइव्हवरून गेम चालवायचा, तर प्लेस्टेशन टूची यूएसबी जुन्या काळातली, मुंगीच्या पायानं चालणारी. खेळ चालतो, पण मधले प्रसंग अडखळतात. राक्षस नायकाला धमकी देतो ती हप्त्याहप्त्यानं, आणि तोवर नायकाचीच भीती जाते. शिवाय जुन्या पद्धतीनं फॉर्मॅट केलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबीच्या वरची फाइल मावत नाही, म्हणून मोठ्या गेमचे तुकडे करावे लागतात. मग मेव्हण्यानं कॉम्प्युटरपासून हॉलपर्यंत नेटवर्कची वायर टाकली. ती देवघरासमोरून जाते. सासूबाई रोज सकाळी फुलं घेऊन ती ओलांडतात आणि ओलांडताना त्याच्या बायकोकडे बघतात. माझ्याकडे त्यांनी तक्रार एकदाच केली, "जावईबापू, ह्याला काही सांगा हो. लेकराचं वय बारा, ह्याचं बेचाळीस, आणि रागवायचं कुणाला तेच कळेना."

मी म्हटलं, निदान कायद्याचं तरी बघू. तर कायदा या बाबतीत वाटतो त्याहून समजूतदार निघाला. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर मार्गानं आलेली आहे, त्याला ती हरवली, बिघडली, नष्ट झाली तर म्हणून तात्पुरतं संरक्षण या नात्यानं बॅकअप घेता येतो. स्वतः कायदेशीर मिळवलेल्या प्रतीवरून बिनव्यापारी, खाजगी वापरासाठी नक्कल करायलाही तिथं मोकळीक आहे. दुसऱ्या बाजूला २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं ६५-अ: हक्कभंग करायच्या हेतूनं तांत्रिक कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे सगळं हेतूवर. सासूबाई म्हणाल्या, "ह्याचा हेतू काय ते आम्हाला तरी कुठं कळलाय?"

मेव्हण्याच्या ओळखीचे एक वकील आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा संपल्यावर एकच प्रश्न विचारला, "बिलं आहेत का?"

पैठण गेटच्या त्या दुकानदारानं तेव्हा कॅरीबॅगसुद्धा दिली नव्हती.

तेव्हा मेव्हण्याच्या कपाटाचे आता दोन कप्पे झालेत. वरचा कप्पा सोवळ्यातला. नोकरी लागल्यावर पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या डिस्का. त्यात त्याचा सगळ्यात लाडका 'हनुमान: बॉय वॉरियर'. २००९ साली हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजनं केलेला आणि सोनीनं प्लेस्टेशन टूवर आणलेला हा खेळ, पूर्णपणे भारतात तयार झालेल्या पहिल्या कन्सोल गेमांतला. अमेरिकेतले राजन झेद यांनी त्याला हरकत घेतली होती: भक्तानं देवाला बटणांनी नाचवावं हे बरं नाही. सासूबाईंची हरकत अधिक नेमकी आहे. त्यांचं म्हणणं, खेळ बापा, पण शनिवारी मारुतीला खड्ड्यात पाडू नको. शेजारी 'देसी अड्डा', ज्यात कबड्डी आणि विटीदांडू सोफ्यावर बसून खेळायची सोय आहे. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आहे. हे खेळ महान होते असं कुणी म्हणणार नाही. हनुमानाच्या उडीचा अंदाज तर खुद्द हनुमानालाही आला नसता. पण जपानी कंपन्या निदान आपले गाजलेले खेळ दर पाच-सात वर्षांनी झटकून पुन्हा विकतात. यांना पुन्हा कोण काढणार? ज्या मूठभर कपाटांत या डिस्का आहेत, त्या कपाटांच्या मालकांनीच त्यांचं बघायचं. इथं मी मेव्हण्याच्या बाजूचा आहे, आणि हे मी त्याच्या बायकोसमोरसुद्धा बोललोय.

खालचा कप्पा पैठण गेटचा.

वरच्या कप्प्यातल्या डिस्कची नक्कल काढली, की मेव्हणा तिचा हॅश काढतो. म्हणजे अख्ख्या फाइलचा मिळून एक लांबलचक आकडा. फाइलमध्ये एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी आकडा पार बदलतो. जगभरच्या हौशी लोकांनी 'रिडंप' नावानं अशा आकड्यांची यादी करून ठेवली आहे. कंपनीच्या अस्सल डिस्कांशी आपला आकडा ताडून बघायचा. जुळला की नक्कल बिनचूक. क्वालिटीच्या माणसाला यापलीकडे सुख नाही. तो आकडा वाचतो तेव्हा त्याचं बोट पडद्यावरून असं सरकतं, जसं लग्न जुळवताना गुण मोजणाऱ्याचं पत्रिकेवरून.

हौसेनं त्यानं खालच्या कप्प्यातल्या आयपीएलवाल्या क्रिकेटचाही आकडा काढला. अर्थातच कशाशीच जुळला नाही. यादी अस्सल डिस्कांची. तिच्यात हा कसा असणार? पण मेव्हण्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "दाजी, कामून जुळंल? ही जगात कुठंच नाही!" मी म्हटलं, ड्रॉवर भरून होत्या की रे. "होत्या. आता कुठंयत? लोकांनी फेकल्या. कंपनीचा गेम शंभर लोकांनी जपून ठेवलाय. हा कुणीच नाही." ज्या अज्ञात माणसानं त्या मोसमाच्या जर्श्या रंगवल्या, पंचाच्या टोपीवर स्वतःच्या नावाची दोन अक्षरं टाकली (ती खरंच आहेत, अगदी जवळून रिप्ले बघितला तर दिसतात), त्याच्या कामाची उरलेली प्रत बहुधा सिडकोत, खालच्या कप्प्यात. दोन चरे पडलेली. एका चऱ्यावर टूथपेस्ट घासल्याच्या खुणा.

कायद्यानं ही डिस्क चोरीची, इतिहासानं दुर्मीळ. या दोन्हींचा मेळ घालायला मला कुठल्याही वकिलाकडे जायची गरज वाटत नाही, कारण आमच्या गावाला नकलेचं वावडं कधीच नव्हतं. पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी कुठं नेतो? बीबी का मकबऱ्याला. दिलरास बानू बेगमची ही कबर ताजमहालावरून बेतलेली. दारावरच्या लेखात वास्तुकाराचं नाव अताउल्ला, म्हणजे ताजच्या उस्ताद अहमद लाहौरींचा मुलगा. याला म्हणतात सोर्स कोड घरातच असणं. खर्च झाला ६,६८,२०३ रुपये ७ आणे, अशी नोंद आहे. ताजच्या कोट्यवधींपुढे हा आकडा बघितला की त्या सात आण्यांवरूनही कुणाचं तरी भांडण झालं असणार असं वाटतं. बजेट कमी, म्हणून फाइल दाबून बसवली. खाली हात पोचेल तिथपर्यंत संगमरवर, वर घुमटाच्या बुडापर्यंत आपला काळा दगड आणि त्यावर पांढरा गिलावा, मग पुन्हा घुमट संगमरवरी. लोक साडेतीनशे वर्षं नाकं मुरडताहेत, की ताजची सर नाही. पण आज तिथं पुरातत्त्व खात्याचा फलक आहे, तिकीट आहे, आणि कुणी भिंतीवर नाव कोरलं तर गुन्हा आहे. नकलेला नुसतं टिकून राहता आलं पाहिजे. पुढचं सरकार बघतं.

टिकून राहण्याचा मेव्हण्याचा नियम आहे तीन-दोन-एक. प्रती तीन, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत त्यानं जालन्याला मावशीकडे ठेवली. काळी हार्डडिस्क, निळ्या पिशवीत, वर मार्करनं 'हात लावू नये'. मावशीनं लावला नाही. पण तिच्या नातवानं नवा टीव्ही घेतला, टीव्हीला मागे एक भोक रिकामं होतं, आणि पिशवीतल्या वस्तूची वायर त्यात बरोबर बसली. टीव्हीनं विचारलं, ही डिस्क फॉर्मॅट करू का? इतक्या अदबीनं विचारल्यावर नाही कोण म्हणेल? आता तिच्यात मालिकेचे भाग आहेत. मावशीनं फोन करून आवर्जून सांगितलं, "तुझी डबी लई चांगली आहे रे, सगळं मावतं."

मेव्हणा दोन दिवस बोलला नाही. मग त्यानं उरलेल्या प्रतींवरून नवी प्रत करायला लावली आणि ती होईपर्यंत वेळ जात नाही म्हणून होमब्रूच्या मागे लागला. होमब्रू म्हणजे कंपनीला न विचारता घरच्या घरी लिहिलेले प्रोग्रॅम. लोकांनी प्लेस्टेशन टूला गाणी वाजवायला, सिनेमे दाखवायला, जुन्या यंत्रांचे खेळ चालवायला लावलंय. आमच्या सामुराईच्या जातीच्या यंत्रावर तर लोक अजून नवे खेळ काढतात. २०१९ सालचा 'मायक्रो मेजेस' अख्खा ४० केबीत बसतो. सकाळी येणारा शुभप्रभाताचा गुलाबसुद्धा याहून मोठा असतो.

मेव्हण्याला खेळ लिहायचा नव्हता. त्याला उपयोगाचं काही करून घरात पत वाढवायची होती. त्यानं सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला: पाणी कधी येणार ते सांगणारा. मागच्या तारखा भरायच्या, यंत्र अंतर मोजून पुढची तारीख सांगणार. पहिल्यांदा पडद्यावर मराठी आलं तेव्हा 'शनिवार'ची पहिली वेलांटी 'न'ला सोडून 'व'ला जाऊन चिकटली होती. ती जागेवर आणण्यात त्याची दिवाळीची सुट्टी गेली. शेवटी एकदाचं ठसठशीत अक्षरात आलं: शनिवार, पहाटे, पाणी. ज्या यंत्रानं राक्षस मारले, मोटारी पळवल्या, त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं प्रापंचिक वाक्य.

तारखा कुठून आणल्या, तर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरून. सासूबाई वर्षानुवर्षं पाणी आलं त्या दिवसावर निळ्या पेननं एक टिंब देतात, मोटर बिघडली तर फुली. मेव्हण्यानं ती पानं ओळीनं काढून यंत्राला भरवली. मग त्यानं सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, देवघरासमोरच्या वायरीवरून सावकाश आणलं, आणि कार्यक्रम दाखवला. सासूबाईंनी चष्मा लावून पडदा वाचला, आत जाऊन कालनिर्णयाशी ताडून पाहिला, आणि परत येऊन म्हणाल्या, "शनिवारचं मला ठाऊकच आहे. ते शुक्रवारी रात्री आलं तर ह्याला कळतं का?"

कळत नाही, असं तो म्हणाला.

"मग एक कर. पहाटे मोटर ह्यालाच लावू दे. म्हणजे मला तरी झोपता येईल."

सध्या तो मोटरचा स्टार्टर प्लेस्टेशनला जोडता येतो का ते बघतोय.